छायाचित्राचा सरासरी रंग काळपट का येतो?

प्रश्न : मोबाइल ॲपमध्ये छायाचित्रामागची पार्श्वभूमी मी त्याच छायाचित्राच्या सरासरी रंगाने भरतो. प्रत्येक पिक्सेलच्या लाल, हिरव्या आणि निळ्या किमतींची बेरीज करून पिक्सेलच्या संख्येने भागतो. तरीही मिळणारा रंग चित्रापेक्षा काळपट दिसतो आणि काही मोठ्या चित्रांसाठी तर किंमत उणे येते. असे का होते?

उत्तर : उणे किमतीचे कारण सोपे आहे. १.२ कोटी पिक्सेलच्या उजळ छायाचित्रात एका रंगाची बेरीज ३०६ कोटींपर्यंत जाऊ शकते, आणि ३२ बिटांच्या चिन्हयुक्त (उणे संख्याही साठवणाऱ्या) पूर्णांकात सुमारे २१४ कोटींपुढची संख्या मावत नाही, ती उलटून उणे होते. बेरजेसाठी ६४ बिटांचा प्रकार घ्यावा.

काळपटपणाचे कारण अधिक खोल आहे, आणि अनेक तयार कोडमध्येही त्याकडे दुर्लक्ष झालेले असते. नेहमीच्या एसआरजीबी (sRGB, पडद्यांसाठीची प्रचलित रंगपद्धत) चित्रातील ० ते २५५ या किमती प्रकाशाच्या प्रमाणात वाढत नाहीत. गडद छटांमधील बारीक फरक टिकावेत म्हणून त्या वक्राकार पद्धतीने साठवलेल्या असतात. त्यामुळे १२८ या किमतीला पडद्यावरून निम्मा नव्हे, तर पांढऱ्याच्या जेमतेम २२ टक्के प्रकाश मिळतो. निम्मे पिक्सेल काळे आणि निम्मे पांढरे असलेल्या चित्राची थेट सरासरी १२८ च्या आसपास येते, परंतु त्यातून येणाऱ्या एकूण प्रकाशाशी जुळणारी किंमत १८८ आहे. म्हणून प्रत्येक किमतीचे आधी रेषीय प्रकाशात, म्हणजे प्रकाशाच्या प्रमाणात वाढणाऱ्या किमतीत, रूपांतर करावे, सरासरी तिथे काढावी आणि मगच उत्तर पुन्हा एसआरजीबीमध्ये आणावे. शक्य किमती केवळ २५६ असल्याने रूपांतराचा तक्ता एकदाच तयार करून ठेवला, की वेगही फारसा कमी होत नाही.

पारदर्शक पिक्सेल असतील तर प्रत्येकाला त्याच्या अल्फाइतकेच (अल्फा म्हणजे पिक्सेल किती अपारदर्शक आहे ती किंमत) वजन द्यावे आणि शेवटी अल्फाच्या बेरजेने भागावे. अन्यथा न दिसणारे काळे पिक्सेलही उत्तर गडद करतात. चित्र एका फटक्यात एका पिक्सेलएवढे लहान करण्याची युक्ती मात्र जपून वापरावी, कारण चित्र लहान करण्याची साधी द्विरेषीय (bilinear) पद्धत अशा वेळी मोजकेच शेजारी पिक्सेल वाचते.

तरीही पार्श्वभूमीसाठी सरासरी रंग ही माझी पहिली निवड नसेल. अर्धे लाल आणि अर्धे हिरवे चित्र अचूक गणिताने पिवळसर उत्तर देते, आणि तो रंग चित्रात कुठेच नसतो. तुमच्या कामासाठी जवळचे रंग एकत्र गटवून सर्वांत मोठ्या गटाचा रंग घेणे अधिक योग्य ठरेल.