लायडनला कॉन्फरन्स, मोकळी फक्त एक दुपार

प्रश्न: ताई, मी बडोद्यात कॉलेजात फिजिक्स शिकवतो. जूनमध्ये नेदरलँड्समध्ये लायडनला तीन दिवसांची कॉन्फरन्स आहे, माझं पोस्टर सिलेक्ट झालंय. पहिल्यांदाच परदेशी जातोय. मधली एकच दुपार मोकळी आहे, जो तो म्हणतो ॲमस्टरडॅम करून टाक. आणि मी अंडंसुद्धा खात नाही. काय करू?
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर: ॲमस्टरडॅम अजिबात करू नका. ट्रेनने पस्तीस-चाळीस मिनिटंच लागतात हे खरं, पण जा, गर्दीत फिरा, परत या, यात दुपार संपते आणि हाताशी काय तर चार फोटो. ट्युलिप म्हणाल तर ते जूनपर्यंत आटोपलेले असतात.

अहो तुम्ही फिजिक्सवाले ना, मग लायडनच बघा की! 1908 मध्ये कामरलिंग ओनेस या डच शास्त्रज्ञाने हीलियम पहिल्यांदा द्रवरूप केला तो इथेच, तोही उणे 269 डिग्रीच्या आसपास, आणि तीन वर्षांनी पारा एवढा थंड करून बघितला तर त्याचा विजेचा रेझिस्टन्सच गायब, ती सुपरकंडक्टिव्हिटी. त्याची ती जुनी यंत्रं बुरहावे नावाच्या विज्ञानाच्या म्युझियममध्ये ठेवलीत, आणि त्या म्युझियमच्या भिंतीवर बाहेर आइन्स्टाइनचं समीकरण रंगवलंय, फोटो तिथे काढा. लॅबची बिल्डिंग अजून आहे पण तिथे आता लॉ शिकवतात (मला फार हसू आलं होतं). म्युझियम पाचला बंद होतात, सोमवारी बरीचशी उघडतच नाहीत, म्हणून दुपारी आधी तेच उरका.

बाकी गाव संध्याकाळी, कारण जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. रापेनबुर्ग नावाचा कालवा आहे, त्याच्या काठाने चालत गेलं की युनिव्हर्सिटीची जुनी इमारत लागते. 1574 मध्ये स्पॅनिश सैन्याचा वेढा उठला, लोक उपाशी मरत होते तरी गाव शरण गेलं नाही, म्हणून पुढच्या वर्षी स्पेनविरुद्धच्या बंडाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंजने युनिव्हर्सिटी दिली. कर माफ करू की युनिव्हर्सिटी देऊ असं त्याने विचारलं म्हणे, ही दंतकथाच असणार, आपल्याकडे कोणी विचारलं असतं तर काय उत्तर गेलं असतं ते सांगायला नको. पुढे बुर्ख्ट म्हणून टेकाडावरचा गोल जुना किल्ला आहे, तिकीट नाही, वरून अख्खं गाव दिसतं. घरांच्या भिंतींवर शंभराहून जास्त कविता त्या त्या भाषेतच लिहिल्यात, त्या मुद्दाम शोधू नका, वाटेत लागतात.

खाण्याची काळजी नको. सुरिनामी दुकान शोधा (सुरिनाम म्हणजे दक्षिण अमेरिकेतली डचांची जुनी वसाहत), पाटीवर चक्क 'रोटी' लिहिलेलं असतं. 1873 पासून आपल्याकडचे मजूर डचांनी सुरिनामला नेले, त्यांच्या वंशजांनी ही रोटी हॉलंडमध्ये आणली, बटाटा नि शेंगांच्या भाजीबरोबर मिळते. फक्त अंडं नको असं आधीच सांगा, ते बरेचदा ताटात येतंच. बुधवारी-शनिवारी कालव्याकाठी बाजार भरतो, तिथे लायडनचं जिरं घातलेलं चीज मिळतं, पण काटेकोर असाल तर रेनेट (चीजसाठी दूध गोठवायला घालतात ते) कुठलं ते विचारा, वासराचं असू शकतं.

आता दोन गोष्टी ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या. विमानतळावरून ट्रेनने पाव तास-वीस मिनिटांत पोचता, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड गेटवर टॅप केलं की झालं, पण उतरल्यावर परत टॅप करायचं असतं, मी विसरले नि जास्तीचे पैसे गेले. कार्डावर इंटरनॅशनल वापर इथूनच चालू करून जा. आणि लाल रंगाचा रस्ता सायकलींचा असतो, त्यावर उभं राहून मॅप बघायचा नाही, घंटी वाजवत अंगावर येतात, बडोद्याला मांडवीत आपण गाड्या चुकवतो तसं तिथे जमत नाही.

हो, एक राहिलं, यजमान प्रोफेसरांसाठी पेढे नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे. खाखरे न्या.