संशयावरून देशाबाहेर? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गावगुंडाला ‘हद्दपार’ करतात, परदेशी माणसालाही ‘हद्दपार’ करतात आणि दहशतवाद्याचे ‘प्रत्यार्पण’ होते. यात नेमका फरक काय? (सातारा)

बातम्यांत एकच शब्द दोन्हीकडे वापरतात, त्यामुळे हा घोळ होतो. गुंडाची हद्दपारी म्हणजे आपली तडीपारी. ती महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 खाली होते, एका किंवा काही जिल्ह्यांपुरती असते आणि जास्तीत जास्त दोन वर्षे चालते. भारतीय नागरिकाला देशाबाहेर घालवण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. त्यामुळे परदेशी माणसाच्या बाबतीत ‘देशनिकाला’ म्हणणे अधिक चोख.

प्रत्यार्पणात एक देश खटल्यासाठी किंवा शिक्षेसाठी माणूस मागतो आणि दुसरा करार व पुरावे तपासून देतो. अबू सालेमला 2005 मध्ये पोर्तुगालहून आणताना फाशी देणार नाही आणि 25 वर्षांहून अधिक कैदेत ठेवणार नाही, अशी हमी भारताला द्यावी लागली होती. देशनिकाल्यात अशी देवाणघेवाण नसते. ‘तुम्ही इथे राहायचे नाही’ एवढेच सरकार सांगते.

प्रश्न : निव्वळ संशयावरून सरकार परदेशी माणसाला बाहेर काढू शकते का? पुरावा लागतच नाही? (नागपूर)

गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही, हे खरे. 1955 च्या हान्स म्युलर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी व्यक्तीला काढण्याचा सरकारचा अधिकार निरंकुश असल्याचे सांगितले. म्युलर पश्चिम जर्मनीचा नागरिक होता आणि तो देशही त्याला मागत होता. तरी प्रत्यार्पणाची वाट न धरता देशनिकाला देण्याची सरकारला मोकळीक आहे, असे न्यायालयाने ठरवले. 1991 मध्ये बेल्जियमचे मिशनरी लुई डी राइट यांच्या खटल्यात यात भर पडली. ते 1937 पासून भारतात होते. परदेशी व्यक्तीला राज्यघटनेच्या कलम 21 चे, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण मिळते, पण इथे राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क कलम 19 मध्ये फक्त नागरिकांना आहे.

1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्टने 1920, 1939, 1946 आणि 2000 चे चार जुने कायदे मोडीत काढले. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी प्रवेश नाकारू शकतो आणि त्याचा निर्णय अंतिम असतो. ‘अंतिम’ म्हणजे वर खात्यात अपील नाही. कलम 226 खाली उच्च न्यायालयाचे दार उघडेच राहते.

ते दार शोभेचे नाही. नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्धच्या मोर्चाला गेला म्हणून जादवपूर विद्यापीठातल्या एका पोलिश विद्यार्थ्याला देश सोडण्याची नोटीस आली होती. मार्च 2020 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती रद्द केली. नोटिशीत कारण नसणे, बाजू मांडायला वेळ न देणे, आरोपाचा कागदच नसणे, सरकार अडखळते ते बहुधा अशा ठिकाणी. वकिलाने आधी हेच पाहावे. ‘सुरक्षेला धोका नाही’ हे सिद्ध करण्याच्या मागे लागू नये, कारण सरकारची गुप्त फाइल वकिलाच्या हाती येत नाही.

प्रश्न : आधार, पॅन, मतदार ओळखपत्र असे सगळे असताना ‘बांगलादेशी’ ठरवून पकडले तर? (मीरा रोड)

हा प्रश्न सध्या सर्वांत कळीचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

ही ओळखपत्रे नागरिकत्वाचा निर्णायक पुरावा नाहीत. मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट 2025 मध्ये ठाण्यातल्या एका जामीन अर्जावर हेच सांगितले. त्यातच परदेशी नसल्याचे सिद्ध करण्याचा भार कायद्याने त्या व्यक्तीवरच टाकला आहे. फौजदारी खटल्याच्या बरोबर उलट.

मग उपयोगी काय? जन्मतारखेवरून नियम बदलतात. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 दरम्यान भारतात जन्म झाला असेल तर सामान्यतः जन्माचा पुरावा पुरतो. 1 जुलै 1987 नंतर आणि 3 डिसेंबर 2004 पूर्वी जन्मलेल्याला आई किंवा वडील भारतीय असल्याचे दाखवावे लागते. त्यानंतर जन्मलेल्याचे आईवडील दोघेही भारतीय हवेत. एकच असेल तर दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. म्हणून स्वतःच्या आधारपेक्षा आईवडिलांचा सातबारा, जुन्या मतदार यादीतले नाव, शाळा सोडल्याचा दाखला आणि त्यांच्याशी नाते जोडणारा कागद मोलाचा. नावांच्या स्पेलिंगमधला फरक इथे घात करतो. तो आधीच प्रतिज्ञापत्राने जुळवून ठेवावा.

पकडल्यानंतर 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करण्याचे कलम 22 चे संरक्षण परदेशी व्यक्तीलाही आहे, अपवाद शत्रुदेशाच्या नागरिकाचा आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेचा (गुन्हा होण्याआधीच खबरदारी म्हणून कोठडीत ठेवण्याचा). मे 2025 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने संशयितांच्या पडताळणीसाठी राज्यांना 30 दिवस दिले होते. जो माणूस मूळ गाव पश्चिम बंगालमधले सांगतो, त्याच्या गावच्या पोलीस ठाण्याकडून उत्तर येईपर्यंत थांबायला हवे. जून 2025 मध्ये महाराष्ट्रात पकडलेले बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीयच निघाल्यावर परत आणावे लागले. घरच्यांनी म्हणून पहिल्याच दिवशी मूळ गावच्या पंचायतीचे पत्र आणि जमिनीची कागदपत्रे संबंधित पोलीस ठाण्यात ई-मेलने पाठवून पोच घ्यावी आणि उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस अर्जाची, म्हणजे ‘पकडलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा’ या अर्जाची, तयारी ठेवावी. माणूस सीमेपार गेल्यावर हीच लढाई महिनोन्‌महिने चालते.

प्रश्न : आदेश निघाला तरी माणूस वर्षानुवर्षे डिटेन्शन सेंटरमध्ये का राहतो? (म्हापसा)

कारण देशनिकाल्याला दोन देश लागतात. एफआरआरओने, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या केंद्राच्या कार्यालयाने, आदेश काढला की संबंधित वकिलातीला विचारले जाते, ‘हा तुमचा नागरिक आहे का?’ ‘होय’ आले आणि पासपोर्ट नसेल तर वकिलात तात्पुरता प्रवासदाखला देते. मग तिकीट, सोबत पोलीस आणि काळ्या यादीत नाव. वकिलात गप्प राहिली की सगळे तिथेच थिजते. आसाममधल्या 63 जणांचे परदेशातले पत्ते माहीत नाहीत म्हणून त्यांना पाठवता येत नाही, असे राज्याने सांगितले, तेव्हा 4 फेब्रुवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयाँ यांच्या खंडपीठाने ‘मुहूर्त पाहताय का?’ असे सुनावले. देश माहीत असेल तर पत्ता कशाला अडवतो, असा त्यांचा मुद्दा होता.

दुसरी अडचण गोव्यात नेहमीची. परदेशी व्यक्तीवर अमली पदार्थांचा किंवा मारामारीचा खटला सुरू असेल तर न्यायालयाच्या परवानगीवाचून तिला पाठवता येत नाही. त्यामुळे किरकोळ गुन्हा हीच मुक्कामाची सोय होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 360 खाली न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेता येतो. छोट्या गुन्ह्यांत तो मार्ग वापरणे शहाणपणाचे.

प्रश्न : ब्रिटनला अबू कतादा या जॉर्डनच्या कट्टरपंथी धर्मगुरूला काढायला इतकी वर्षे का लागली? (ठाणे)

कारण युरोपीय मानवी हक्क करारातले कलम 3. जिथे छळ होण्याचा खरा धोका आहे तिथे कुणालाच पाठवता येत नाही, मग तो माणूस कितीही घातक असो. हा नियम पक्का झाला तो एका भारतीयाच्या खटल्यात. खलिस्तानवादी कार्यकर्ते करमजितसिंग चहल ऑगस्ट 1990 पासून ब्रिटनच्या कोठडीत होते. 15 नोव्हेंबर 1996 रोजी स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 12 विरुद्ध 7 मतांनी त्यांना भारतात पाठवणे करारभंग ठरेल, असा निकाल दिला. त्याच निकालामुळे ब्रिटनने 1997 मध्ये अशा प्रकरणांतली अपिले ऐकणारा सियाक नावाचा खास आयोग नेमला. तिथे गुप्त पुरावा पाहायला सरकारतर्फे नेमलेला विशेष वकील असतो, मात्र तो पाहिल्यावर त्याला परवानगीवाचून त्या व्यक्तीशी बोलता येत नाही.

अबू कतादाच्या बाबतीत जॉर्डनने छळ न करण्याची हमी दिली आणि 2012 मध्ये न्यायालयाने ती मान्यही केली. पण तिथल्या खटल्यात इतरांचा छळ करून मिळवलेले जबाब वापरले जातील, या मुद्द्यावर पाठवणी अडली. शेवटी दोन्ही देशांनी नवा करार केला आणि 7 जुलै 2013 रोजी तो गेला. गंमत म्हणजे जॉर्डनच्या न्यायालयाने 2014 मध्ये त्याला दोन्ही खटल्यांत निर्दोष सोडले. भारताने छळविरोधी करारावर 1997 मध्ये सही केली, मंजुरी मात्र दिलेली नाही. म्हणून हा युक्तिवाद आपल्याकडे कलम 21 च्या आधारे मांडावा लागतो.

प्रश्न : परदेशी विद्यार्थ्याला फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे. काय करावे? (पुणे)

तो राहायला आल्यापासून 24 तासांत त्याची माहिती (पूर्वीचा ‘सी फॉर्म’) इमिग्रेशनच्या पोर्टलवर भरा. हॉटेलवाल्यांइतकीच घरमालकांचीही ती जबाबदारी आहे. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती ठेवा, मूळ पासपोर्ट अडकवून ठेवू नका. 180 दिवसांहून जास्त मुदतीचा विद्यार्थी व्हिसा असेल तर त्याने आल्यापासून 14 दिवसांत नोंदणी केली आहे का, ते विचारा. भाडेकरार व्हिसाच्या मुदतीपलीकडे करू नका. मुदत उलटून राहणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.