पहिल्या नोकरीच्या पगारावर वर्षभरात स्वावलंबी होता येते का?

वय २२, पुण्यात ३.६ लाखांच्या पॅकेजची पहिली नोकरी, आणि वर्षभरानंतर घरून एक पैसाही घ्यायचा नाही, हे जमेल का, असा तुमचा प्रश्न आहे. महिन्याचा खर्च स्वतः भागवण्यापुरते जमेल. त्यापलीकडची अपेक्षा पहिल्या वर्षात ठेवू नये, असे माझे मत आहे.

पगारपत्रके तयार करणे हेच माझे काम असल्यामुळे आधी हिशेब सांगतो. महिन्याचे ३०,००० रुपये कागदावर दिसतात. मूळ वेतन १५,००० धरले, तर भविष्यनिर्वाह निधीचा कंपनीचा वाटा, म्हणजे १२ टक्क्यांनी १,८०० रुपये, बहुतेक कंपन्या पॅकेजमध्येच धरतात, तेवढीच रक्कम तुमच्या पगारातून कापली जाते, ग्रॅच्युइटीपोटी (दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेपोटी) दाखवलेले सातेकशे रुपये तूर्त हाती येत नाहीत आणि २०० रुपये व्यवसाय कर जातो (फेब्रुवारीत ३००). उरतात सुमारे साडेपंचवीस हजार. रुजू होण्यापूर्वीच ‘इन हँड किती?’ असे एचआरला स्पष्ट विचारावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

खरी ओढाताण पहिल्या दोन महिन्यांत होते, कारण पगार महिना भरल्यावर मिळतो, पण खोलीचे डिपॉझिट, एजंटची दलाली आणि मेसचे पैसे आधीच मोजावे लागतात. तेव्हा घरून मदत घ्यावी लागली, तर ती उसनी म्हणून लिहून ठेवा आणि जमेल तशी फेडा. स्वाभिमानापायी क्रेडिट कार्डाची थकबाकी वाढवण्यापेक्षा ते कितीतरी बरे, कारण त्या थकबाकीवर महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक व्याज लागू शकते. स्वतंत्र फ्लॅटचा विचार सध्या बाजूला ठेवून कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरते भाडे देऊन, राहणे शहाणपणाचे.

घरी पैसे पाठवायचे असतील किंवा शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू होणार असेल, तर शिल्लक जवळपास पडणारच नाही, हे आधीच धरून चला. कंपनीच्या आरोग्य विम्यात आईवडील आहेत का, तेही पाहून घ्या. नसतील, तर घरातले एक आजारपण सगळा हिशेब विस्कटून टाकते.

आणि नोकरी बदलताना भविष्यनिर्वाह निधी काढून घेण्याचा मोह टाळा. खाते यूएएनवरून (नोकरी बदलली तरी तोच राहणारा निधीचा खातेक्रमांक) नव्या कंपनीकडे वर्ग करता येते. सलग पाच वर्षांची सेवा होण्यापूर्वी रक्कम काढल्यास ती सर्वसाधारणपणे करपात्र ठरते.