साधा शेअर की डीव्हीआर? देवगडच्या बागायतदारांना उत्तर

आंब्याच्या हंगामातून शिल्लक राहिलेल्या दोन लाख रुपयांत जैन इरिगेशनचे साधे शेअर घ्यावेत की त्यांहून स्वस्त मिळणारे डीव्हीआर (कमी मताधिकार असलेले शेअर), आणि टाटा मोटर्सप्रमाणे इथेही पुढे त्यांचे साध्या शेअरमध्ये रूपांतर होऊन फायदा होईल का, असे आपण देवगडहून विचारले आहे. माझे मत डीव्हीआरच्या विरोधात आहे.

या डीव्हीआरमध्ये दहा शेअरमागे एक मत मिळते. आपल्यासारख्या लहान गुंतवणूकदाराला मताधिकाराची उणीव फारशी जाणवणार नाही; खरा प्रश्न भावातील तफावत कोण आणि केव्हा भरून काढणार, हा आहे. टाटा मोटर्सने 2008 मध्ये डीव्हीआर आणले, तेव्हा कमी मताधिकाराच्या बदल्यात दर्शनी किमतीवर (शेअरच्या कागदोपत्री मूळ किमतीवर) पाच टक्के जादा लाभांश देऊ केला होता. दर्शनी किंमत दोन रुपये असल्यामुळे 2022-23 साठी साध्या शेअरला 2 रुपये आणि डीव्हीआरला 2.10 रुपये मिळाले, म्हणजे जादा फक्त दहा पैसे; आणि त्याआधीची काही वर्षे लाभांशच नव्हता. पुढे 2024 मध्ये दहा डीव्हीआरच्या बदल्यात सात साधे शेअर देऊन कंपनीने हा वर्ग रद्द केला. ज्यांनी मोठ्या सवलतीत खरेदी केली होती त्यांना त्यातून चांगला लाभ झाला, हे खरे आहे. परंतु तो निर्णय कंपनीने स्वतःहून घेतला होता, भागधारकांना तो मागण्याचा हक्क नव्हता. शिवाय मोबदल्याचा काही भाग लाभांश मानला गेल्याने त्यावर करही लागला. त्यामुळे दुसरी कंपनी तसेच करील, या भरवशावर पैसे गुंतवू नयेत.

आपल्या बाबतीत मला याहून मोठी चिंता विक्रीची वाटते. बागेचे उत्पन्न वर्षातून एकदाच येते, आणि मोहोराच्या वेळी अवकाळी पाऊस किंवा थ्रिप्स (फुलकिडे) आले की फवारणीचा खर्च अचानक वाढतो. डीव्हीआरमध्ये खरेदी-विक्री विरळ असते. अशा वेळी घाईने विकायला गेल्यास पडेल तो भाव घ्यावा लागतो. म्हणून फवारणी, खत आणि मजुरीची रक्कम आधी बँकेच्या मुदत ठेवीत बाजूला काढावी. उरलेल्यातून, कंपनीचे कर्ज आणि ताळेबंद स्वतः वाचून खात्री पटली तरच, साधे शेअर थोडे थोडे घ्यावेत.