जुन्या वाड्यात सापडलेला चिनी मातीचा टेबल लॅम्प: किती जुना, किंमत काय? भंगारवाला ५०० म्हणतो, द्यावा का?

आत्ताच देऊ नका भाऊ. आणि प्लगमध्ये तर घालूच नका. कापडी वेष्टनाच्या जुन्या वायरचं आतलं रबर तडकून गळतं, मग शॉक किंवा शॉर्टसर्किट.

आधी लॅम्प उलटा करा. बुडाला चिकटवलेलं बनातीचं कापड असेल तर कोपऱ्यातून हळूच सोडवा, शिक्का बहुधा त्याखालीच असतो. जपानी मालावर ‘निप्पॉन’ असेल तर साधारण १८९१ ते १९२१, ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतचा. शिक्के नकलीही मारतात, म्हणून एवढ्यावर थांबू नका.

खरी गंमत वायरच्या भोकात आहे. कडेपर्यंत चकचकीत ग्लेझ (मातीवरचा काचेसारखा थर) आलेली असेल तर तो कारखान्यातच लॅम्प म्हणून घडला. कड कोरी, खरबरीत, टवके उडालेली असेल तर फुलदाणीला मागाहून ड्रिल मारलंय. अशा फुलदाणीची किंमत बरीच घसरते.

बोटाने टिचकी मारा (आधी धातूचं सामान काढून). आवाज बद्द आला तर कुठेतरी तडा असू शकतो. अंधारात नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च फिरवला की बुजवलेली जागा बरेचदा वेगळी चमकते. ग्लेझवरची बारीक जाळी मात्र वयाची खूण नाही, नव्या मालावरही मुद्दाम आणतात.

भाव पाहताना लिलावात प्रत्यक्ष विकल्याचे आकडे बघा, मागितलेले नव्हे. वायर बदलली तरी चालते, पण जुना पितळी होल्डर फेकू नका, लॅम्पसोबतच द्या.