टाक तिचेही होते

लातूर जिल्ह्यातील एका वाचकांनी गेल्या अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून भावकीने बोलणे टाकले आहे, थोरल्या भावाने मुलाच्या लग्नाचे आवतण दिले नाही आणि यात्रेची वर्गणी मागायलाही कोणी दाराशी आले नाही. जुने गाव तुटले, आता नवे आयुष्य कसे उभे करायचे, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम जय भीम.

तुमच्या पत्रात भाऊ आहे, भावकी आहे, यात्रा कमिटी आहे. पत्नी मात्र एकाच वाक्यात येते, तेही जाता जाता: “भाऊबीजेला ही माहेरी गेली असताना मी देव्हाऱ्यातील टाक मांजरा नदीत सोडून आलो, परत आल्यावर ती काही बोलली नाही.” पुढच्याच ओळीत तुम्ही पुन्हा भावाकडे वळला आहात. मी त्या वाक्यापाशीच थांबले आहे, आणि आज तुमच्या भावाविषयी काही लिहिणार नाही.

ती बोलली नाही म्हणजे तिला पटले, असे तुम्ही धरून चालला आहात. अहो, भवानीचे आणि खंडोबाचे ते चांदीचे टाक घराण्याचे म्हणून तुमचे असतील, पण त्यांचे करणे आपल्याकडे सासूकडून सुनेच्या हाती येते. घट बसण्याआधी ते राखेने घासून उजळायचे, विड्याच्या पानावर मांडायचे, नऊ दिवस माळ चढवायची, उपवास धरायचे, हे सारे ती करीत होती आणि तुम्ही हात जोडून कामाला जात होता. तुम्ही विचारपूर्वक एक श्रद्धा सोडलीत; तिच्या हातून मात्र रोजच्या सकाळचे एक काम, आणि सासूने विश्वासाने सोपवलेली वस्तू, तिच्या माघारी काढून घेतली गेली. गल्लीतल्या बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलावणे सोडले असेल, तर तिने न घेतलेल्या निर्णयाची शिक्षा तीच भोगते आहे. तुम्ही याविषयी काही लिहिलेले नाही, आणि मला वाटते, तिला विचारलेलेही नाही.

तुमच्या कारणांविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तुमच्या वडिलांना यात्रेत हलगी वाजवायला सर्वांच्या पुढे उभे केले जाई आणि नैवेद्याच्या वेळी देवळाच्या पायरीखाली थांबवले जाई, हे तुम्ही लिहिले आहे, आणि ते वाचताना माझा जीव तुटला. आपल्याविषयीचे निर्णय आपल्याला न विचारता दुसऱ्यांनी घ्यायचे, यातला अपमान ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्याच घरात तुम्ही पत्नीच्या वाट्याला तेच आणलेत, म्हणून मला तुमचा राग येतो आहे.

हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात केली आणि दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधली २१ वर्षे त्यांनी अभ्यासात आणि माणसांना समजावण्यात घालवली. मे १९३६ मध्ये मुंबईच्या परिषदेत, ज्यांनी त्यांच्या नुसत्या शब्दावर पाऊल उचलले असते अशा आपल्याच माणसांपुढे, त्यांनी धर्मांतराची कारणे एकेक करून उलगडून सांगितली. नागपूरला महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेताना त्यांच्या पत्नी माईसाहेब शेजारी होत्या आणि त्यांनीही स्वतः दीक्षा घेतली. त्यानंतर समोरच्या लाखो लोकांना दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये नवऱ्याने बायकोच्या वतीने घ्यावी अशी एकही प्रतिज्ञा नाही. तुम्ही पत्नीशी बोलायला एक संध्याकाळसुद्धा काढली नाही.

ती आज काढा. जेवणे आटोपली की तिच्यासमोर बसा आणि तिच्या माघारी टाक नेले ही आपली चूक झाली, असे स्पष्ट शब्दांत सांगा. त्याला ‘पण’ जोडू नका आणि धम्मावर प्रवचन देऊ नका. मग तिला काय हवे आहे ते विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा, त्याला चार दिवस लागले तरी. टाक पुन्हा करून हवेत असे ती म्हणाली, तर तिच्याबरोबर सोनाराकडे जा आणि पैसे तुम्ही द्या. त्या टाकांपुढे तुम्ही हात जोडू नका. तुमच्या प्रतिज्ञा तुम्ही निष्ठेने पाळा. राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदातील ज्या स्वातंत्र्याच्या बळावर तुम्ही दीक्षा घेतलीत, ते तिचेही आहे. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासात विहारात ग्रंथवाचन सुरू झाले की तिला येतेस का म्हणून जरूर विचारा, आणि ती नाही म्हणाली तर तोंड न पाडता एकटे जा.

भावाच्या आवतणाविषयी आणि वर्गणीविषयी मी पुढे सविस्तर लिहीन. त्यासाठी मला तुमचे आणखी एक पत्र लागेल, आणि त्यात तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत, ती तयार असेल तर तिच्याच हाताने लिहिलेले, असू द्या.