आधी ओळखा, मग मलम लावा

पायाला काही झालं की दिसेल ते मलम चोपडू नका. करंगळी आणि शेजारचं बोट फाकवून पाहा. कातडी पांढरी, भिजल्यासारखी आणि खाज असेल, तर बहुतेक चिखल्या. ही बुरशी. क्लोट्रिमॅझोल हे बुरशीवरचं मलम दिवसातून दोनदा लावा आणि खाज थांबली तरी निदान दोन आठवडे सुरू ठेवा. लोक नेमके इथेच सोडतात आणि पुन्हा येते. स्टेरॉइड मिसळलेलं मलम मात्र नको. चार दिवस बरं वाटतं, आतून बुरशी पसरते. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं हे अर्धं औषधच.

टाचेच्या भेगांना युरिया असलेलं क्रीम, रात्री, वर मोजे.

कुरूप की चामखीळ, यात सगळेच गोंधळतात. सरळ दाबल्यावर दुखतं ते बहुधा कुरूप. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर कळ येते आणि बारीक काळे ठिपके दिसतात ती चामखीळ. ब्लेडने कापत बसू नका. मधुमेह असेल तर कुरूपाच्या पट्ट्यासुद्धा स्वतःहून लावू नका, त्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं. थेट डॉक्टरांना दाखवा.